मिसरीचा वास

डिंडोली, सुरत
१२ एप्रिल २०२५

योगेशराव,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची पद्धत आहे, म्हणून नमस्कार.

तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. प्राजूच्या फोनमधूनही काढून टाकलात. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने नाशिकला तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

हे पत्र कवितासाठी नाही. माझी बहीण कशाने गेली ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही सगळीकडे 'हार्ट' म्हणून सांगितलंत आणि सुरत सोडून नाशिकला राहायला गेलात, त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. आता बोलायचं आहे ते तुमच्या मुलीबद्दल.

पाडव्याला प्राजूचा व्हिडिओ कॉल आला होता. कैरी खात होती. कैरीला मीठ लावतात, त्यात विशेष नाही. पण कैरी संपली तरी ती बशीतलं मीठ बोटाने उचलून खात बसली. बोलता बोलता. स्वतःच्या लक्षातही नव्हतं. मग हात हलला तसं मी विचारलं, "मेंदी काढलीस का गं?" म्हणाली, "नाही मावशी. का?" मी तळहात जवळ धरायला सांगितला. तळवा फिका आणि रेषा तेवढ्या काळ्या.

असे हात तुम्ही पाहिलेले आहेत. लक्षात राहिले नसतील. तुमच्या लक्षात काय राहतं ते मला ठाऊक आहे, तरी आठवण करून देते.

कविताला थायरॉइड होता. प्राजूच्या जन्मानंतर निघाला, रोज सकाळची गोळी घेऊन ती बरी होती. नंतर काही वर्षांनी ती रोडावली, काळी पडली. उठताना चक्कर यायची, अन्न नकोसं व्हायचं, आणि हवं असायचं ते मीठ. तुमच्या आईंनी तिच्या हिरड्या पाहिल्या. काळपट झाल्या होत्या. शोभाबाई स्वतः मिसरी घासतात, जळकी तंबाखू दाताला लावल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घसनी शे ते घस वं, पन चोरीसन काबर घसस?" बायका हसल्या. कविता म्हणाली, "मी नाही हो लावत." कोणी ऐकलं नाही. तुम्हाला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुम्ही मिलमध्ये सुपरवायझर, आणि तुमची बायको गावाकडच्या बाईसारखी मिसरी घासते. तुम्ही तिला गोरेपणाचं क्रीम आणि दात पांढरे करायची पेस्ट आणून दिलीत. एवढा उपचार तुम्ही स्वतः होऊन केलात, याची नोंद मी ठेवली आहे.

ती स्वयंपाकघरात पडली तेव्हा निदान झालं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून जशी थायरॉइडवर उलटते तशी ह्यांच्यावरही उलटते. मग अंगात मीठ टिकत नाही, रक्तदाब टिकत नाही, त्वचा आणि हिरड्या काळ्या पडतात. शरीर जे स्वतः करत होतं ते आता गोळीने बाहेरून द्यायचं. जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर दुप्पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शन. आणि घरात आणखी कोणाला थायरॉइड असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा, असंही त्या म्हणाल्या होत्या. प्राजूला थायरॉइड आहे. तुम्ही तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून फोनमध्ये भाव बघत होता.

मला एवढंच हवं आहे. प्राजूचं सकाळचं रक्त तपासून घ्या. कॉर्टिसोल आणि सोडियम. कोणत्याही लॅबमध्ये होतं. तिची थायरॉइडची गोळी तुम्ही थांबवली आहे, असं ती म्हणाली. ती आता आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. हा दुसरा आजार असताना नुसती थायरॉइडची गोळी वाढवली की माणूस अधिक खचतो. कविताचं तेच झालं होतं. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील ते.

उत्तर लिहायचा त्रास घेऊ नका. रिपोर्टचा फोटो पाठवा.

नूतन


डिंडोली, सुरत
१८ मे २०२५

योगेशराव,

रिपोर्ट आला नाही म्हणून शाळेला सुट्टी लागताच मी नाशिकला आले. त्या भेटीत आपलं जे बोलणं झालं ते लिहून ठेवते, कारण तुम्ही ते वेगळं सांगाल.

घरी शोभाबाई होत्या. प्राजू कुठे, विचारलं तर म्हणाल्या, क्लासले गई. तुम्ही सेंटरवर आहात असं कळलं म्हणून तिकडे आले. सकाळी सकाळी पंधरावीस माणसं ग्लास हातात घेऊन टाळ्या वाजवत होती. कोणी दोन किलो कमी केले म्हणून टाळ्या, कोणाची बीपीची गोळी सुटली म्हणून टाळ्या. भिंतीवर तुमचं नाव आणि खाली 'वेलनेस कोच'. मिलमध्ये तुम्ही कापडाच्या घड्या मोजायचात. ते काम तुम्ही चांगलं करायचात.

"या या, नूतनताई," तुम्ही म्हणालात. "बसा. आधी शेक घ्या. इलायची फ्लेवर."

मी म्हटलं, "प्राजूचं रक्त तपासलं का?"

"ताई, इथे पॉझिटिव्ह बोलायचं असतं."

"तपासलं का?"

"थायरॉइड म्हणजे काय हो, शरीराचा आळस. गोळी म्हणजे गुलामी. महिन्यात फरक बघा तुम्ही."

शेजारी एक बाई बसली होती. केशरी पंजाबी ड्रेस, गळ्याजवळ थायरॉइडची गाठ स्पष्ट दिसत होती. तिने मला विचारलं, "तुम्ही सरांच्या मिसेसच्या बहीण का? चेहरा अगदी तसाच आहे. मी त्यांचाच व्हिडिओ बघून आले इथे. त्या कशा आहेत आता?"

मी म्हटलं, "वारली."

तुम्ही मिक्सर सुरू केलात.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, योगेशराव. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवते. कॉपी करणारी मुलं पाहिली, खोटं बोलणारे पालक पाहिले, पोषण आहाराच्या तांदळातून पिशव्या भरून नेणारे लोकही पाहिले. त्या सगळ्यांना निदान पकडल्यावर मान खाली घालता येत होती. तुम्ही मिक्सर सुरू केलात, आणि बंद झाल्यावर त्या बाईला म्हणालात, "मॅडम, आज केळं घालू का?"

तो व्हिडिओ मला पहिल्यांदा कविताच्या तेराव्याला दिसला. तुमच्या ग्रुपमधला कोणी गोपाल, पंगतीत बसल्या बसल्या त्याने फोन पुढे केला. "ताई, वहिनी किती छान बोलल्या होत्या." कविता निळी साडी नेसून सांगते आहे, की मी सगळ्या गोळ्या बंद केल्या, आता मला खूप हलकं वाटतं. गोळ्या बंद केल्याचं मला तेव्हा कळलं. माझ्यापासून तिने लपवलं होतं, कारण मी ओरडले असते, आणि तुम्हाला वाईट वाटलं असतं. तुम्हाला वाईट वाटू नये याची ती फार काळजी घ्यायची. व्हिडिओच्या शेवटी ती कॅमेऱ्यावरून नजर काढून बाजूला बघते आणि विचारते, "बरोबर बोलले ना?" तेवढं कापायचंसुद्धा तुम्हाला सुचलं नाही.

तो काढून टाका. पण ते नंतर. आधी मुलीचं रक्त.

तिथून मी पुन्हा तुमच्या घरी गेले तेव्हा शोभाबाई दाराशी उभ्या होत्या. हिरडीत मिसरी धरलेली, म्हणून ओठ मिटूनच बोलत होत्या. "दिनभर झोपेल ऱ्हास पोर," म्हणाल्या. म्हणजे क्लासला गेलेली नव्हती. आतल्या खोलीत झोपली होती, आणि मला भेटू द्यायचं नाही असं तुम्ही सांगून ठेवलं होतं. मी हाक मारली. दार आतून बंद नव्हतं, पण शोभाबाई मध्ये उभ्या राहिल्या. मुलगा सांगेल ते करायची त्यांना सवय आहे. मी धक्काबुक्की करणारी बाई नाही. परत आले.

घरी आल्यावर आमचे यजमान मुकुंद म्हणाले, "पत्र लिहितेस की प्रगतिपुस्तकावर शेरा?" मी म्हटलं, प्रगती असेल तर शेरा लिहीन.

नूतन


डिंडोली, सुरत
१९ जुलै २०२५

योगेशराव,

श्रावणातली कानबाई जवळ आली. तुम्ही या वर्षीही देवी बसवणार, असं तुमच्या भावबंदांकडून कळलं. तुमच्या घरचा दिवस आहे, बसवा. प्राजूला उपास धरायला लावू नका, जागरणाला बसवू नका, एवढंच सांगायला लिहिते आहे. तुम्ही विचाराल, का. म्हणून गेल्या वर्षीचं लिहावं लागतं.

गेल्या वर्षी मी माझ्या सासरच्या कानबाईला शिरपूरला होते. कविताशी रविवारी सकाळी फोनवर बोलले. आवाज खोल गेला होता. म्हणाली, "काही नाही गं ताई, उपास आहे ना. मळमळतंय जरा." मागून तुमचा आवाज आला, "विष बाहेर पडतंय, पडू दे."

तिला दिवसभर उलट्या झाल्या. हे मला तुमच्या इथल्या, सुरतच्या शेजारच्या रंजनाबाईंनी सांगितलं. संध्याकाळी त्या दर्शनाला आल्या तर कविता आतल्या खोलीत जमिनीवर पडून होती आणि बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. रंजनाबाई म्हणाल्या, दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणालात, उद्या विसर्जन झालं की नेऊ. सोमवारी सकाळी बाजा आला. दारातून कानबाई निघाली. पाटावरची देवी तुमच्या आईंच्या डोक्यावर, पुढे तुम्ही गुलाल उधळत. कविता घरात एकटी. तुम्ही तापीवरून परत येईपर्यंत ती गेली होती.

इंजेक्शनने वाचली असती. ते इंजेक्शन फ्रिजच्या दारात होतं, कसं द्यायचं ते तुम्हाला नर्सने दाखवलं होतं. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्हाला दुखवायचं तर तुमच्या पावडरला नावं ठेवावी लागतील.

या वर्षी तुमच्याच घरात, त्याच दिवशी, तीच लक्षणं असलेली मुलगी उपास धरणार आहे. मला दुसरा काही उपाय दिसत नाही म्हणून पत्र. पोलिसात जाऊन काय सांगू? मुलगी मीठ खाते आणि बाप शेक पाजतो? तिथले साहेबही तुमचा शेक पीत असतील.

रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या मला परत आल्या. दोन्हींवर अंगठा आहे. म्हणजे पत्रं तुमच्या हातात पडलीच नाहीत, किंवा तुम्हीही आता सही विसरलात. पहिलं खरं असेल तर हे वाचणाऱ्यासाठी लिहिते. जो कोणी हे वाचत असेल त्याने प्राजूला कानबाईच्या दिवशी पोटभर जेवू घालावं आणि तिच्या ताटातलं मीठ मोजू नये. चक्कर आली किंवा उलटी झाली तर बाजा थांबवावा आणि दवाखान्यात न्यावं.

नूतन


डिंडोली, सुरत
८ ऑगस्ट २०२५

योगेशराव,

प्राजू माझ्याकडे आहे, हे तुम्हाला कळलं आहे. कशी आली ते तिने तुम्हाला सांगितलं नसेल. मी सांगते.

माझी पत्रं शोभाबाईंनी घेतली. तुम्ही सेंटरवर असताना पोस्टमन यायचा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दुपारी दार लावून त्या प्राजूकडून वाचून घ्यायच्या. मिसरीचं वाचलं तेव्हा प्राजू थांबली. त्या म्हणाल्या, "वाच, वाच. मीच बोलनू व्हतू." तुम्हाला त्यांनी एकही पत्र दाखवलं नाही. का, ते मला माहीत नाही. तुम्ही विचारा.

शनिवारी संध्याकाळी कानबाईच्या प्रसादाच्या रोटासाठी पीठ मळताना प्राजू परातीवरच कलंडली. तुम्ही म्हणालात, "शरीराची ऊर्जा बदलतेय." तुमचं हे वाक्य मी प्राजूकडून दोनदा ऐकलं, कारण पहिल्यांदा मला खरं वाटलं नाही. तुम्ही सेंटरवर गेल्यावर शोभाबाईंनी तिला खिडकीशी नेलं, तोंड उघडायला लावलं. हिरड्या पाहिल्या. मग नाक तिच्या तोंडाशी नेऊन वास घेतला. प्राजू म्हणते, आजीने पुन्हा एकदा वास घेतला. मग म्हणाली, "हाई पोरना तोंडले मिसरीना वास नही शे."

रविवारी त्यांनी तिला उपास धरू दिला नाही. भावबंद कुरकुरले तर म्हणाल्या, कानबाई मना डोकावर शे, मी बघी लिसू. सोमवारी सकाळी बाजा आला, देवी निघायची वेळ झाली, तुम्ही गुलालाची थैली घेऊन उभे होतात. त्या प्राजूला घेऊन मागच्या दाराने रिक्षात बसल्या आणि स्टँडवर जाऊन तिला सुरतच्या गाडीत बसवून दिलं. तोवर तुमची मिरवणूक दारात उभी होती. तुमचे भावबंदच सांगतात, बाजावाले विचारत होते, बाई कुठे गेल्या. तुम्ही सांगत होतात, पाय मोकळे करायला गेल्या असतील. त्या परत आल्या, पाट डोक्यावर घेतला आणि चालू लागल्या. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्हाला पुढे नाचायचं होतं.

गाडीत तिच्याजवळ एक डबा होता. त्यात रोट. कानबाईचा रोट कुळाबाहेर देत नाहीत हे शोभाबाईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी पाठवला. प्राजूने तो माझ्यासमोर खाल्ला. वरून मीठ घालून. मी खाल्ला नाही. तुमच्या आईंचे उपकार मानायला मला सांगू नका. पोर वाचली ती त्यांच्यामुळे, हे मी कोणाहीसमोर सांगेन. पण हेच नाक कविता जिवंत असतानाही होतं. सुनेच्या तोंडाजवळ न्यायला त्यांना कमीपणा वाटला, नातीच्या तोंडाजवळ न्यायला वाटला नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी रक्त दिलं. कविताच्याच डॉक्टरबाई. प्राजूला पाहिल्यावर त्यांनी रिपोर्टची वाट न बघता दाखल करून घेतलं आणि सलाइन लावलं. रिपोर्ट संध्याकाळी आला. जे मी एप्रिलपासून लिहीत होते तेच. बाई म्हणाल्या, अजून एखादा ताप किंवा एखादा उपास पुरला असता.

इस्पितळाच्या फॉर्मवर वडिलांचं नाव लिहावं लागतं, ते तुमचंच लिहिलं. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे तुमचं लिहिलं नाही. काल घरी आणली.

नूतन


डिंडोली, सुरत
२४ ऑगस्ट २०२५

योगेशराव,

हे शेवटचं पत्र. यापुढे पोस्टाचा खर्च करायची गरज राहिलेली नाही.

प्राजू इथेच राहील. शाळेचा दाखला मी मागवला आहे, तुम्ही अडवणार नाही अशी खात्री आहे, कारण अडवलात तर कारण लिहून द्यावं लागेल. तिचं औषध सकाळ, दुपार, संध्याकाळ चालू आहे. थायरॉइडची गोळी आता बाईंनी सुरू केली, आधी नाही. इंजेक्शन कसं द्यायचं ते मी शिकले, मुकुंदही शिकले. मुकुंदना रक्त बघून घेरी येते, तरी संत्र्याला टोचून टोचून शिकले. आमच्या घरातली संत्री आठवडाभर गळत होती.

परवा तुम्ही नव्या नंबरवरून प्राजूला फोन केलात. मी स्वयंपाकघरात होते, फोन स्पीकरवर होता. तब्येत विचारलीत, ते ऐकून मला क्षणभर वाटलं, की माझी पत्रं वाया गेली, माणूस सुधारला. मग तुम्ही म्हणालात, "आता बरी दिसतेस ना बेटा? मग एक छोटा व्हिडिओ करून पाठव. पप्पांसोबत शेक घ्यायचे, आता फ्रेश वाटतं, एवढंच. गोळीचं काही बोलायची गरज नाही. मम्मीच्या व्हिडिओच्या पुढे जोडू."

मी हात पुसून बाहेर येत होते. तोवर प्राजू बोलली. आवाज चढवला नाही तिने. ती माझ्यावर गेली आहे.

"पप्पा, शेवटी बाजूला बघून 'बरोबर बोलले ना' असं म्हणायचं का?"

तुम्ही फोन ठेवलात. त्या रात्री कविताचा व्हिडिओ तुमच्या पानावरून गेला. मी काढायला सांगितला होता तेव्हा गेला नाही. असो. माझ्याजवळ तो आहे. मी तो पूर्ण बघत नाही. शेवटचं तेवढं बघते, जिथे ती बाजूला बघते. तिथे तुम्ही उभे होतात, हे मला माहीत आहे. मी तिथे स्वतः उभी आहे असं धरून बघते आणि तिला सांगते, नाही.

तुम्हाला कळवण्यासारखं एवढंच उरलं आहे. आज दुपारी वरण-भात, गवारीची भाजी केली होती. नेहमीप्रमाणे तिच्या ताटात डाव्या हाताला मीठ वाढलं, जरा जास्तच. जेवण झालं, ती उठली, हात धुतला. मी ताट उचलायला गेले तर वाढलेलं मीठ तसंच होतं.

नूतन